डॉक्टरला सांगायचं पहिलं वाक्य

कुवेतमध्ये आमच्याकडची माणसं आजार सुट्टीसाठी राखून ठेवतात. दाढ दुखते, गुडघा सुजतो, छातीत काहीतरी होतं, आणि उत्तर ठरलेलं असतं: सुट्टीत गावी गेल्यावर दाखवू. तिथे ओळखीचे डॉक्टर असतात, आपली भाषा असते, सोबतीला बहीण किंवा वहिनी असते. त्यामुळे विमानात बसताना बायका खजूर-बदामांच्या पाकिटांबरोबर वर्षभराची दुखणीही घेऊन जातात. तिथे पोचल्यावर कुणाचं लग्न, कुणाची वास्तुशांत, बँकेची कामं, सासरचे चार दिवस. परतायचा दिवस उजाडतो आणि दुखणी पुन्हा सामानात बांधली जातात.

आमच्या इमारतीतल्या आपांना या सवयीचा मनापासून संताप यायचा. "सुट्टीत दाखवते" असं कुणी म्हणालं की त्या तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत आणि विचारत, "सुट्टी तुला आहे. तुझ्या अंगाला आहे काय?"

गेल्या हिवाळ्यात आपा गेल्या. एका सकाळी उठल्याच नाहीत. त्यांना सुलैबिखातच्या कबरस्तानात नेलं. बायकांनी तिथवर जायची पद्धत नाही, म्हणून आम्ही इमारतीतल्या बायका त्यांच्या घरात बसून राहिलो. एवढ्या बायका एकत्र आणि खोलीत आवाज नाही, असं त्या घरात पूर्वी कधी झालं नव्हतं. तेव्हापासून त्यांच्याविषयी लिहायचं मनात आहे. माझं लिहिणं सावकाश चालतं, त्यामुळे उन्हाळा उजाडला.

आपा मूळच्या रत्नागिरीकडच्या, खाडीकाठच्या गावातल्या. लग्न होऊन इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. सालमियातल्या आमच्या इमारतीत त्या तळमजल्यावर आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. शुवैखला, बंदराजवळ, आलेला माल सोडवून देणाऱ्या एका कंपनीत त्यांनी उभी उमर नोकरी केली. सरकारी कचेऱ्यांतून कंपनीचे कागद घेऊन फिरणाऱ्या माणसाला इथे मंदूब म्हणतात. हे काम पुरुषांचं. आधीचा मंदूब एकाएकी देश सोडून गेला तेव्हा आपा हिशेबाच्या टेबलावरून उठल्या आणि त्याची फाईल घेऊन चालू लागल्या. अरबी त्यांना येत होतंच. पुढे निवृत्त होईपर्यंत तेच काम त्यांच्याकडे राहिलं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी दुसरा उद्योग सुरू केला. पाळी जायच्या वयातल्या बायकांना त्या डॉक्टरकडे नेऊ लागल्या. त्यासाठी संस्था नाही, मंडळ नाही. ओळखीची, ओळखीच्यांच्या ओळखीची, कुणीही बाई चालत असे. हिंदू, मुसलमान, मल्याळी, एकदा तर एक फिलिपिनो नर्स, जिला खरं तर डॉक्टरांची काय कमी! औषध मात्र त्यांनी कधी कुणाला सुचवलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणत, "मी डॉक्टर नाही, हकीम नाही. मी मंदूब. कागद कुठल्या खिडकीत द्यायचा तेवढं मला कळतं."

त्यांना भेटायचं ठिकाण म्हणजे जमिया. जमिया म्हणजे आमच्या वस्तीतलं सहकारी दुकान. त्याच्या मागच्या बाजूला गोठवलेल्या भाज्यांची उंच काचेची कपाटं आहेत. आपांना अंगाची आग सुरू झाली की त्या चालत तिथे जात, एक दार उघडून डोकं आणि खांदे आत घालत आणि तशाच उभ्या राहत. दुकानातला मुलगा काही म्हणाला तर आतूनच उत्तर येई, "मटार बघतेय." मटाराची निवड करायला त्यांना बराच वेळ लागायचा. बायकांना हे ठाऊक झालं होतं. कुणी शेजारचं दार उघडून भेंडी बघायला लागायची आणि दोन काचांच्या मधून हलक्या आवाजात बोलणं सुरू व्हायचं.

"आपा, मला ना, तसं होतंय."

"तसं म्हणजे कसं?"

"तसंच. तुम्हाला होतं तसं."

"मला शंभर तऱ्हेचं होतं. अंगाची आग? रडू? की नवरा घोरायला लागला की त्याच्या तोंडावर उशी दाबावीशी वाटते?"

"आपा!"

"वाटते ना? मग ते डॉक्टरला नको सांगू. आग सांग."

माझ्याशी आणि सगळ्यांशी त्या शाळेत शिकलेली मराठी बोलत. पण तापल्या की गावची बोली मध्येच वर यायची. आणि त्या वरचेवर तापत. स्वतःच्या अंगाच्या आगीला त्यांनी नाव ठेवलं होतं, मीना अब्दुल्ला. मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीच्या चिमणीवर सतत ज्योत जळत असते, त्यावरून. माझे यजमान तिथल्याच एका कंत्राटदाराकडे इंजिनीअर आहेत. एकदा लिफ्टमध्ये आम्ही दोघं, आपा आणि आणखी दोन पुरुष होतो. आपांचा चेहरा लाल झाला, कपाळावर घाम आला, आणि त्या सगळ्यांसमोर माझ्या यजमानांना म्हणाल्या, "भावजी, आज तुमची चिमणी बंद ठेवली तरी चालेल. मी पेटलेय." यजमान लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिले. बाकीचे दोघं पुढच्याच मजल्यावर उतरले. त्यांना तिथे उतरायचं होतं असं मला वाटत नाही.

हे सगळ्यांना रुचायचं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंना त्यांनी जमियाच्या भर रांगेत मोठ्यानं विचारलं, "काय गो, गेलीस की नाही डॉक्टरकडे? सुकल्यावर त्रास होतोच, त्यात लाजायचं काय?" त्या बाई टोपली तिथेच ठेवून निघून गेल्या आणि आपांशी पुन्हा बोलल्या नाहीत. त्यांचं बरोबर होतं. मी आपांना तसं सांगितलं. आपा म्हणाल्या, "कचेरीत खिडकीवर ओरडून बोलायची सवय लागली. तिथे हळू बोललं की आपला कागद खाली जातो." दुसऱ्या दिवशी त्या माफी मागायला गेल्या. दार उघडलं नाही. तेव्हा त्या बंद दारासमोर उभ्या राहून त्यांनी मोठ्यानं माफी मागितली, आणि ती सगळ्या मजल्याला ऐकू गेली.

आपांचं सगळं शहाणपण खिडकीवरचं होतं. खिडकीपलीकडच्या माणसाला वेळ नसतो. तो पहिलं वाक्य ऐकतो आणि त्यावरून आपली फाईल कुठल्या ढिगात टाकायची ते ठरवतो, असं त्या म्हणत. डॉक्टरचंही तेच. बाई आत जाते आणि म्हणते, जरा थकवा वाटतो. झालं, तिची फाईल थकव्याच्या ढिगात. मग तिला कितीही काही सांगायचं असलं तरी ती रक्त तपासून, व्हिटॅमिन डीच्या गोळ्या घेऊन बाहेर येते.

हे त्या स्वतःच्या अनुभवावरून शिकल्या होत्या. ती गोष्ट त्यांनी मला त्यांच्या स्वयंपाकघरात, कोळंबी सोलता सोलता सांगितली. त्यांना छातीत धडधड व्हायची, झोपेतून दचकून जाग यायची, वाटायचं आता संपलं. हृदयाच्या डॉक्टरकडे फेऱ्या झाल्या, मशीनवर चालून झालं, तारा लावून झाल्या. प्रत्येक वेळी नवरा सोबत असायचा आणि डॉक्टरनं काय होतंय विचारलं की नवराच सांगायचा: ही हल्ली फार चिडचिड करते, काळजी फार करते. डॉक्टर त्यांच्याकडे न बघता नवऱ्याला म्हणायचा, यांना टेन्शन देऊ नका.

"चांगला माणूस होता तो," आपा म्हणाल्या. "माझ्यासाठी रजा काढून यायचा. पण धडधड माझ्या छातीत, ती त्याच्या तोंडातून कशी बाहेर पडणार? मी एक दिवस खुर्चीवरून उठले आणि दुसऱ्या दवाखान्यात बायकांच्या डॉक्टरकडे गेले. एकटी. तिला म्हटलं, पाळी थांबत आल्यापासून हे सुरू झालंय, तुला या दोन्हींचा संबंध वाटतो की नाही ते सांग. ती पेन खाली ठेवून ऐकायला लागली. म्हटलं, या अल्ला, एवढंच होतं? एवढ्या एका वाक्यासाठी मी दोन वर्षं मशीनवर धावले?"

तेव्हापासून डॉक्टरकडे नेण्याआधी बाईकडून तालीम करून घ्यायची हा त्यांचा नियम झाला. तालमीची जागा म्हणजे त्यांची गाडी. ती एक जुनी, अवाढव्य अमेरिकन गाडी होती. आतल्या एसीच्या सगळ्या झडपा त्यांनी स्वतःकडे वळवून पक्क्या केल्या होत्या, तरी शेजारी बसणारीला हुडहुडी भरायची. ऑगस्टच्या उन्हात बायका शाल घेऊन त्या गाडीत बसायला जाताना मी पाहिल्या आहेत. समुद्राकाठी एका कडेला गाडी उभी करून आपा डॉक्टर व्हायच्या. डॉक्टर जितका वाईट असू शकतो तितका वाईट. मोबाईलकडे बघत, जांभई देत, वाक्य तोडत त्या बाईला बोलायला लावायच्या. त्यांना चुकवून जी बाई आपलं म्हणणं पुरं करू शकली, ती कुठल्याही डॉक्टरपुढे टिकेल, हा हिशेब.

नवऱ्यांची व्यवस्था वेगळी होती. जहराहून एक बाई त्यांच्याकडे आली होती, रायगडकडची. नवऱ्याचं तिथे कपड्यांचं दुकान. दवाखान्याच्या दारात नवरा म्हणाला, "आपा, मी आत जातो तिच्यासोबत. तिला सांगायला जमत नाही."

"जा की," आपा म्हणाल्या. "पण माझी गाडी चुकीच्या जागी लागलीय बघ. मुखालफा येईल." मुखालफा म्हणजे दंडाची पावती, त्या शब्दाला इथे सगळे घाबरतात. "तेवढी नीट लावून ये. हे घे चावी."

भिडस्त माणूस, चावी घेऊन गेला. त्या दवाखान्याच्या आसपास गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे नशिबाची गोष्ट, आणि आपांची ती गाडी तर दोन गाड्यांची जागा खाणारी. तो घामाघूम होऊन परत आला तेव्हा त्याची बायको औषधांची पिशवी घेऊन बाहेर बाकावर बसली होती आणि आपांबरोबर हसत होती.

"झालं पण?" तो म्हणाला.

"तिला जमलं सांगायला," आपा म्हणाल्या. "तू गाडी कुठे लावलीस?"

नंतर माझ्या लक्षात आलं, आपा बायकांना ज्या ज्या दवाखान्यांत नेत, तिथे सगळीकडे पार्किंगची बोंब होती. मी हे विचारलं तेव्हा म्हणाल्या, "डॉक्टर चांगली हवी हे पहिलं. दोन चांगल्या असल्या तर जिथे जागा मिळत नाही तिथली."

आता मला माझ्याविषयी थोडं सांगणं भाग आहे, कारण आपा मला खऱ्या कळल्या त्या माझ्यावर वेळ आली तेव्हाच.

मी इथल्या एका भारतीय शाळेत ग्रंथपाल आहे. लहान वर्गांना गोष्टी वाचून दाखवणं, सांगणं, हा माझ्या कामातला मला सर्वांत आवडता भाग. आपा जायच्या काही वर्षं आधी माझे शब्द हरवायला लागले. माणसांची नावं नव्हेत, ती सगळेच विसरतात. साधे शब्द. गोष्ट सांगताना साळिंदर हा शब्द आला नाही. पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून मी थांबले. मुलं ओरडली, "पॉर्क्युपाइन!" त्यांना वाटलं मी मुद्दाम विचारते आहे. मग मी त्याचाच खेळ केला. शब्द अडला की चित्रावर बोट, की मुलं ओरडणार. शिक्षिका म्हणाल्या, किती छान पद्धत आहे तुमची. पुढे पुढे चित्रांवरही भागेना, तेव्हा मी गोष्टींच्या तासाला मुलांना संगणकावर रेकॉर्ड केलेल्या गोष्टी लावून द्यायला लागले.

घरी माझी वाक्यं मुलगी पुरी करायची. शाळेच्या शेवटच्या वर्षात होती. आम्ही मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. एकदा तिला काहीतरी विचारलं तर तिनं मोबाईलमधून डोकं वर काढलं. "आई, यू आस्क्ड मी दॅट. लाइक, ट्वाइस." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

माझी आई विस्मरणाच्या आजारानं गेली. शेवटी ती मला ओळखत नव्हती. पण माझ्या मनात राहिला आहे तो शेवट नाही, सुरुवात आहे. सुट्टीत मी पुण्याला गेले होते. आई जन्मभर विळीवर भाजी चिरत आली, सुरी तिला कधी चाललीच नाही. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात विळीसमोर बसली होती आणि मला म्हणाली, "हे काय आहे गं? कुणी आणून ठेवलं इथे?" मी हसले, कारण मला वाटलं ती गंमत करते आहे.

तर, मला माहीत होतं काय होतंय. म्हणजे, मला वाटत होतं की माहीत आहे. झोप तुटत होती, रात्री घामानं उशी भिजत होती, पाळी कधी यायची कधी दोन-दोन महिने नाही; पण या सगळ्याचा मी विचारच केला नाही. ते बायकांचं नेहमीचं, आणि हे आईचं. यजमानांना सांगितलं नाही. मुलीला सांगायचा प्रश्नच नव्हता. मनाशी ठरवलं, सुट्टीत पुण्याला गेले की आईच्याच डॉक्टरांना दाखवीन. सुट्टी पुढच्या जुलैत होती. सुट्टी दूर आहे याचं मला बरंच वाटत होतं.

आपा जिन्यात भेटल्या. भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "काल माझ्या घरात तू सगळ्या वस्तू बोटानं मागितल्यास. चहाचं गाळणं बोटानं, झाकण बोटानं. का गं?"

"असंच. डोकं दुखत होतं."

"डोकं दुखलं की माणूस कपाळाला बोट लावतो, गाळण्याकडे नाही करत."

मी म्हटलं, सुट्टीत दाखवणार आहे. मग त्यांनी इतर बायकांना केलं तेच मलाही केलं, वरपासून खालपर्यंत बघितलं. पण पुढचं वाक्य म्हटलं नाही. "शाल घेऊन ये," एवढंच म्हणाल्या. "संध्याकाळी गाडीत."

समुद्राकाठी गाडी लागली. आपा डॉक्टर झाल्या. मोबाईल उघडला, त्यावर बोट फिरवायला लागल्या. "हं. बोला."

"मला जरा थकवा..."

"व्हिटॅमिन डी. पुढची."

"झोप लागत नाही नीट."

"मोबाईल कमी बघा." हे त्या मोबाईल बघतच म्हणाल्या. "पुढची."

"पाळी वेळेवर येत नाही आणि घाम..."

"वय झालं. पुढची."

"आपा, मला हसू येतंय."

"डॉक्टर आपा नाही. हसायला येत असेल तर तुम्ही बऱ्या आहात. पुढची!"

आणि मी, का कोण जाणे, ओरडलेच. "माझी आई मला विसरून मेली! आणि माझे शब्द जायला लागलेत!"

आपांनी मोबाईल बंद केला. एसीही बंद केला, जो त्या बाहेर बर्फ पडला तरी बंद करणार नाहीत असं आम्ही म्हणायचो. मग मी त्यांना विळीची गोष्ट सांगितली. ती मी तोवर कुणालाच सांगितली नव्हती.

"हे तुझं पहिलं वाक्य," त्या म्हणाल्या. "थकवा नाही, झोप नाही. आई, आणि शब्द. मग विळी. मग बाकीचं सगळं: घाम, झोप, पाळी. काही गाळू नकोस."

"पण मला तोच आजार असेल तर?"

"मला काय ठाऊक? तुला काय ठाऊक? तू स्वतःच डॉक्टर होऊन स्वतःला सांगून मोकळी झालीस. असेल तर तोही ऐकू. पण ज्याला कळतो त्याच्या तोंडून ऐकू."

त्या रात्री मी यजमानांना सांगितलं. ते दवाखान्याच्या दिवशी रजा घेऊन आमच्याबरोबर आले आणि दारात पोचल्यावर स्वतःच हात पुढे करून म्हणाले, "आपा, मी गाडी लावून येतो ना?" आपांनी चावी दिली. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना चावी देताना थोडं वाईट वाटलं असावं.

डॉक्टर इजिप्तच्या होत्या, माझ्याच वयाच्या. आपांच्या नकलेतल्या डॉक्टरसारखं त्यांच्यात काहीच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघून काय होतंय विचारलं. मी तालमीप्रमाणे पहिलं वाक्य इंग्रजीत म्हटलं. ते नीट बाहेर आलं. त्यांनी विचारलं, आईच्या बाबतीत सुरुवात कशी झाली? मी सांगायला लागले. पुणं, स्वयंपाकघर, भाजी. पुढची गोष्ट इंग्रजीत सांगता येईना, तर त्या माझ्या शेजारी बसलेल्या आपांकडे बघून म्हणाल्या, तुमच्या भाषेत सांगा, या मला अरबीत सांगतील.

मी मराठीत सांगू लागले. "आई खाली बसली होती, आणि तिच्यासमोर..."

शब्द नव्हता.

माझ्या डोळ्यांसमोर ती वस्तू होती. तिचं पाटासारखं लाकूड, पातं, पात्याच्या टोकाची खोबरं खवायची चंद्रकोर, आईनं पाय कसा दुमडून ठेवला होता ते. फक्त तिचं नाव नव्हतं. आईनं जी वस्तू हरवली, तीच माझीही हरवली होती, आणि तीही डॉक्टरसमोर. मी आपांकडे बघितलं.

आपांना ही गोष्ट माहीत होती. हा शब्द माहीत होता. माझ्याच तोंडून त्यांनी तो चार दिवसांपूर्वी ऐकला होता. आणि आपा अशा, की समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचं उत्तर तयार. अडलेल्याला शब्द पुरवणं हा त्यांचा धर्म. डॉक्टरनंही त्यांच्याकडे बघितलं, आता या सांगतील म्हणून. आपांनी मान हलवली. नाही. आणि जमिनीकडे बघत बसून राहिल्या.

त्या वर्षात मी अडले की जग माझ्यासाठी शब्द पुरवत होतं: मुलं, मुलगी, यजमान, दुकानातला माणूस. पहिल्यांदाच कुणी पुरवला नाही. खोलीत फक्त एसीचा आवाज. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मी त्या वस्तूकडे मनातल्या मनात बघत राहिले, तिच्या पात्यावरून, लाकडावरून नजर फिरवत, आईच्या हातापर्यंत.

"विळी," मी म्हटलं. "तिच्यासमोर विळी होती. ती मला म्हणाली, हे काय आहे."

आपांनी अरबीत सांगितलं. विळी म्हणजे काय ते त्यांना हातांनी करून दाखवावं लागलं. डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं, घाम, झोप, पाळी, सगळं. मग म्हणाल्या, "तुमच्या आईला वस्तू कळली नव्हती. तुम्हाला वस्तू कळते, नाव उशिरा येतं. या दोन गोष्टी एक नव्हेत. पण मी नुसतं बोलून तुम्हाला सोडणार नाही, सगळं तपासू."

सगळं तपासलं. रक्त, स्मरणशक्तीच्या चाचण्या, मेंदूच्या डॉक्टरांचं मत. आईचा आजार नव्हता. शरीर बदलत होतं, आणि त्या बदलात झोपेबरोबर शब्दही डळमळले होते. असं पुष्कळ बायकांना होतं आणि पुष्कळ बायका माझ्यासारख्याच घाबरून गप्प बसतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला चालतील का ते पाहून त्यांनी अंगावर चिकटवायच्या हार्मोनच्या पट्ट्या सुरू केल्या. आधी झोप परत आली. शब्द हळूहळू आले, सगळे नाहीत. आणि पुढचं कुणालाच सांगता येत नाही, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही. पण गोष्टींचा तास मी पुन्हा स्वतः घ्यायला लागले. साळिंदराच्या गोष्टीला मुलं अजून ओरडतात. त्यांना तो खेळ आवडला आहे, तेव्हा मीही थांबते.

त्या पहिल्या दिवशी मात्र यातलं काहीच माहीत नव्हतं. आम्ही दवाखान्याबाहेर यजमानांची वाट बघत सावलीत उभ्या होतो. मी आपांना म्हटलं, "तुम्हाला शब्द येत होता."

"येत होता."

"मग दिला का नाहीत?"

"दिला असता तर तू घरी जाऊन म्हणाली असतीस, मला आला नाही."

"आणि आलाच नसता तर?"

"तर ते पण डॉक्टरनं बघायला हवं होतं." मग एकदम त्यांचा चेहरा लाल झाला, कपाळावर घाम फुटला आणि गावची बोली वर आली. "किती वेळ लावलास गो! माझा जीव गेला असता तिथे!"

आणि त्यांनी ओढणीचं टोक माझ्यापुढे धरलं. ते ओलंचिंब होतं, आणि चावून चावून त्याची जरीची किनार पार उसवली होती.